मंडईची दुसरी लेग

वाघ बघायला लोक विदर्भात जातात, संत्री खायला जातात. भंडारा जिल्ह्यात मुद्दाम कोण जातं? मी गेले. तेही फुटबॉलची मॅच बघायला. आणि गंमत म्हणजे मॅच भंडाऱ्यात नव्हतीच, ती होती समुद्रापलीकडच्या एका देशात. कोल्हापुरात हे सांगितलं तेव्हा माझ्या थोरल्या भावाने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

म्हणून आधी कारण सांगते. माझी लेक ऋतुजा वीस वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघात आहे. आहे म्हणजे बाकावर आहे. मी काही बोलत नाही. प्रशिक्षकांना डोळे आहेत, कधीतरी उघडतील. तिच्या खोलीत राहते ती संघाची गोलकीपर प्रणाली, पवनीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. पोरी एका खोलीत राहायला लागल्या आणि आम्ही आया फोनवर राहायला लागलो. प्रणालीची आई रंजना आणि मी, एकमेकींना कधी न भेटता, एकमेकींच्या घरची भाजीसुद्धा रोज विचारत होतो.

या पोरींना आशियाच्या स्पर्धेत जायचं होतं. गटात पहिला येणारा संघ थेट जातो. आपण आलो दुसरे. मग दुसऱ्या आलेल्या संघांच्या जोड्या लावतात, त्याला म्हणायचं प्ले-ऑफ. एक सामना आपल्या घरी, एक त्यांच्या घरी. या एकेका सामन्याला लेग म्हणतात. दोन्ही लेगमधल्या गोलांची बेरीज करायची, ज्याची जास्त तो स्पर्धेला, दुसरा आपापल्या गावाला. घरची पहिली लेग मी मैदानात बसून बघितली आणि आपण दोन-एक हरलो. समोरच्या देशाचं नाव घेत नाही, त्यांच्याही पोरींना आया असतील. पण त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या लेगला परदेशी जायला माझ्याकडे पासपोर्ट नव्हता आणि घरी एकटीने बघायची छाती नव्हती. तेवढ्यात रंजनाचा फोन आला.

"ताई, मॅचच्याच दिवशी आमच्या गावाले मंडई आहे. इकडेच या न! मी एकटी पाहीन त मरून जाईन."

मंडई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कोथिंबिरीच्या जुड्या आल्या. पण कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी आमच्या स्टेशनात सुटते आणि न बदलता भंडारा रोडला उतरवते, हे कळल्यावर मी डबा भरला आणि निघाले. अख्खा महाराष्ट्र आडवा कापला. त्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की पाठ अजून बोलते.

वरठी

भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. उतरले तर समोर प्रणालीचे वडील देवानंद मोटारसायकल घेऊन उभे. ते इथल्याच कारखान्यात कामाला आहेत, पाळी संपवून थेट आलेले.

"जय भीम ताई. लय तरास झाला अशीन?"

"नाही हो, मजेत आले," असं मी म्हटलं आणि पहिल्याच पावलाला माझा गुडघा कटकन वाजला. तो त्यांनी ऐकला. पण माणूस सभ्य, हसला नाही. माझी बॅग टाकीवर घेतली आणि मला मागे बसवून हळू गाडी काढली. इतकी हळू, की सायकलवरचे कामगार आम्हाला मागे टाकून जात होते.

कारध्याला वैनगंगेचा पूल लागला. मी पंचगंगेकाठची बाई, नदी म्हणजे मला वाटायचं ती गावाच्या कुशीत असते, धुणं धुता येईल एवढी. या नदीचा मात्र पलीकडचा काठ मला शोधावा लागला. देवानंदांनी पुलाच्या पलीकडे गाडी थांबवली, मला न विचारताच. दोघं थोडा वेळ बघत राहिलो.

"प्रणाली लहान असतानी इथं आनून बसवत होतो," ते म्हणाले. "चेंडू फेकला का ती धरे. कधी सोडेच ना."

मग पुढचा सगळा रस्ता त्यांनी गोलकीपरच्या हातमोज्यांवर बोलून काढला. दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं, कुठे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आडवं पडलेलं, कुठे त्याचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचलेले. आमच्याकडे या दिवसांत ऊस अंगावर येतो, आडोसा होतो. इथे मात्र सगळं उघडं आणि लांबवर दिसणारं, आणि मध्येच एखादा तलाव चमकायचा. मला ते फार आवडलं. मोकळं वाटलं.

रंजनाचं घर

रंजना दारातच उभी होती. फोनवर ऐकलेला आवाज आणि समोरचं माणूस यांची जुळणी व्हायला मला एक क्षण लागला. मी मनात धिप्पाड बाई धरली होती. ही माझ्या खांद्याला लागणारी, वेळूसारखी. तिने मला मिठी मारली तेव्हा मात्र प्रणाली पेनल्टी कशी अडवते ते कळलं. फासळ्या मोजून घेतल्या मी.

पुढ्यात उकडलेले शिंगाडे आले, गावच्या तलावातले. काळे, दोन शिंगांचे. कोल्हापूरकरांना उपवासाचं शिंगाड्याचं पीठ माहीत, हे शिंगवालं प्रकरण कुठलं! मी आपलं आत्मविश्वासाने उचललं आणि थेट चावलं. शिंग ओठात घुसलं.

"अवो बाप्पा! सोलून खा न ताई!" रंजना पोट धरून हसली. "प्रणालीबी लहानपनी असीच करे. रडे, पन दुसरा उचले."

मीही दुसरा उचलला. सोलल्यावर आतला पांढरा गर, काय गोड! मग परातभर सालं माझ्यासमोर कधी साठली, कळलंच नाही.

रात्रीचं जेवण म्हणजे चिन्नोर तांदळाचा भात, घरभर वास, आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. मी भाकरीची वाट बघत बसले. भाकरी आली, तीही तांदळाची. भाताबरोबर तांदळाची भाकरी! मी विचारलं तर देवानंद म्हणाले, "आमच्याकडे तांदूळ सोडून काय खावाचं असते ताई?" मी आणखी एक भाकरी वाढून घेतली.

जेवताना मला मंडई समजली. दिवाळी झाली की इकडे प्रत्येक गाव आपला दिवस ठरवतं. त्या दिवशी गावात बाजार भरतो, आकाशपाळणा येतो, दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, होते, रात्री मांडवात नाटक. पाहुणे येतात ते येतातच, पण खरी गोष्ट वेगळी. मंडईला लेकी माहेरी येतात. कुठेही दिलेली असो, मंडईला तिने यायचं. दिवाळी चुकली तर चालते, मंडई चुकली तर आई वर्षभर बोलते.

"प्रणाली मागच्या मंडईले नाही आली. कॅम्प होता," रंजना म्हणाली. तिने ताटातल्या भाताचे उगाच दोन ढीग केले. "आता सांगा. उद्या जितली त पोट्टी तिकडूनच कॅम्पले जाईन. हारली त परवा-तेरवा घरी येते. पाहुने तोवर राहतेतच. मंडई शिळी होते, पन होते. मंग मी काय मागू ताई? जितू दे म्हनू, का येऊ दे म्हनू?"

देवानंद एकदम म्हणाले, "असं म्हनाचं नाही. देशाची गोष्ट आहे."

"देश तिले वर्षभर ठेवते. मले एक दिवस पाहिजे," ती म्हणाली.

माझी पोर बाकावर का होईना, पण गेल्या वर्षी दोनदा घरी येऊन गेली होती. त्या घासाला मला पहिल्यांदा वाटलं, बाकावर असण्यातही काही वाईट नाही.

मंडईचा दिवस

सकाळीच मंडई समितीचे अध्यक्ष मोरेश्वरभाऊ मला बघायला आले. पांढरं धोतर, मिशा, आणि पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या आपल्या जोडीचा एवढा अभिमान, की त्यांनी आधी स्वतःच्या बैलांची नावं सांगितली, मग स्वतःचं. त्यांना प्ले-ऑफ समजून घ्यायचं होतं. मला तर हेच हवं होतं! आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे घराघरातली गोष्ट, नियम मला दुधाबरोबर पाजलेत. मी खुर्ची ओढली.

"गटात पहिला आला असता तर सरळ पास. आपण दुसरे, म्हणजे पासही नाही आणि नापासही नाही."

"म्हंजे सप्लिमेंटरी," भाऊ म्हणाले.

"अगदी! सप्लिमेंटरीचे दोन पेपर. पहिल्यात आपण दोन-एक मागे. आज दोन गोलांनी जिंकलो तर पोचलो."

"अन् एकाच गोलानं जितलो त? बेरीज सारखी होते."

"तर हरलो," मी ठामपणे सांगितलं. "बेरीज सारखी झाली की परक्या मैदानावर कुणी जास्त गोल केले ते बघतात. त्यांनी आपल्याकडे येऊन दोन मारले. आपण तिकडे एकच मारला, तर त्यांचे जास्त. ते पुढे."

भाऊंनी मान डोलावली. अशा जाणत्या बाईला दुपारी माईक द्यायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मी वरवर नको नको म्हटलं.

सामना तिकडे संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे भर दुपारी होता. नाटकाचा मांडव रिकामा होता, तर भाऊंनी आपल्या घरचा टीव्ही आणून थेट रंगमंचावर ठेवला. नाटकात श्रीमंत बापाचा दिवाणखाना होता म्हणे, तर त्याच्या लाल सोफ्यावर टीव्ही बसवला. मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि झुंबर. ऊन लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्र्या सोडल्या. सगळा गाव आत शिरला. लेकी, जावई, कडेवरची पोरं, भजी खाणारे म्हातारे. बाहेर आकाशपाळण्यावरची गाणी इतक्या मोठ्याने लागलेली, की टीव्हीतल्या समालोचकाचा एक शब्द ऐकू येईना. म्हणून माईक माझ्या हातात. रंजना माझ्याशेजारी, पदराचं टोक तोंडात धरून.

पहिल्या अर्ध्या तासात आपल्या मणिपूरच्या पोरीने गोल मारला आणि मांडवातल्या चार खुर्च्या मोडल्या. मी माईकवर काय ओरडले ते आठवत नाही, पण भाऊंनी नंतर सांगितलं, की बाजारातल्या बांगडीवाल्यानेसुद्धा दुकान सोडून धाव घेतली होती. त्यानंतर आम्ही दुसऱ्या गोलची वाट बघत राहिलो. प्रणालीने तीन वेळा चेंडू असा झेलला की रंजनाचा श्वास माझ्या कानाला लागत होता. पण दुसरा गोल झाला नाही. शिट्टी वाजली. एक-शून्य.

जिंकलो! मांडव उठला, एकाने फटाका लावला. आणि मला, जाणत्या बाईला, माईकवरून सांगावं लागलं.

"थांबा. बसा सगळे. बेरीज दोन-दोन झाली. त्यांचे परक्या मैदानावर दोन, आपला एक. आपण बाहेर."

ते भोंग्यांमधून अख्ख्या मंडईत गेलं. आकाशपाळणेवाल्याने गाणं बंद केलं. देवानंदांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला रडू फुटलं, उघड सांगते, आणि मी ते माईक तोंडाशी धरूनच रडले.

रंजना उठली. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं. मांडवाच्या मागेच तिचं घर. ती तरातरा घराकडे गेली.

मग थोड्या वेळाने मला पडद्यावर ऋतुजा दिसली. बाकावरून उठली होती! बघते तर काय, बाटल्या घेऊन सगळ्यांना पाणी देत होती. पोरी गवतावर आडव्या पडलेल्या आणि त्यांच्या पोटऱ्या दोघं-तिघं चोळत होते.

मोरेश्वरभाऊ पुढे सरकले, टीव्हीला नाक लावलं, मग मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे वळले.

"ताई, हारलेल्याचे पाय कोन चोळते जी? मी हारलेल्या बैलाले पानीबी उशिरा दाखवतो. अजून धावाचं अशीन तवाच चोळतेत."

मी डोळे पुसून बघितलं. पंच मैदानातच होते. प्रशिक्षक हातवारे करून सांगत होते. देवानंदांनी मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, की परक्या मैदानावरच्या गोलचा तो नियम या स्पर्धेतून केव्हाच काढून टाकलाय. बेरीज सारखी झाली की जादा वेळ. तरी सुटलं नाही तर पेनल्टी.

आमच्या पेठेत मला दूध पाजणाऱ्यांनी नवीन दूध आलंय हे कळवलंच नव्हतं! मी माईक तोंडाशी घेतला.

"मंडळी, चुकले. संपलेली नाही. मॅच चालू आहे."

मांडवात असा हशा उठला म्हणून सांगू! कुणीतरी ओरडलं, "माईक घ्या बाईजवळचा!" भाऊंनी खरंच घेतला.

मी रंजनाच्या घराकडे पळाले, गुडघा कटकटत. ती मागच्या चुलीपाशी बसली होती. समोर कोचईची, म्हणजे आपल्या अळूची, पानं पसरलेली, आणि ती त्यांना पीठ फासत होती. हात कोपरापर्यंत माखलेले.

"हे काय करताय?"

"कोचईच्या वड्या. तिले आवडतेत."

"अहो, हरली तरी ती परवा येणार. आज कशाला?"

"समजते मले," ती म्हणाली. "पन हातच थांबत नाही, मी काय करू?" आणि ती हसत होती. रडत होती आणि हसत होती.

मला सांगवेना. पण सांगितलं. "रंजना, मी चुकीचं बोलले. मॅच संपली नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या पानाकडे बघितलं. त्याची गुंडाळी तिने नीट पुरी केली, बाजूला ठेवली आणि तशीच उठली, हात न धुता.

जादा वेळेत कुणाचाच गोल झाला नाही. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा मांडवात कुणी बसलेलं नव्हतं. आपल्या सगळ्या आत गेल्या. त्यांच्याही जात होत्या. त्यांची शेवटची राहिली. ही अडवली तर आपण आशियात.

प्रणाली गोलमध्ये दोन्ही हात पसरून उभी राहिली. माझ्या शेजारी एवढीशी रंजना, पिठाचे दोन्ही हात तसेच पसरून. दोघी सारख्याच दिसत होत्या.

"धर व माय!" ती ओरडली. माईकशिवाय ओरडली, पण पार तलावापर्यंत गेलं असेल. "सोडू नको! धर!"

प्रणाली डावीकडे झेपावली आणि धरला.

पुढचं विचारू नका. भाऊंच्या मिशांना पीठ, माझ्या चष्म्याला पीठ, देवानंद तर सोफ्यावरच्या टीव्हीला मिठी मारून बसलेले. आकाशपाळण्यावरचं गाणं पुन्हा सुरू झालं.

मुलींचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा वड्या तळून झाल्या होत्या. आधी ऋतुजा दिसली. "आई, मी पाणी देताना दिसले का?" मी म्हटलं, "तूच दिसलीस, बाकी कुणी दिसलंच नाही." मग प्रणाली आली, घामाने भिजलेली.

"आई, कोचईच्या वड्या केल्या का?"

"केल्या न."

"माह्यासाठी ठेव."

"कायले ठेवू? शिळ्या खाशीन का? तुह्या वाटच्या ताईनं खाल्ल्या." आणि फोन देवानंदांच्या हातात देऊन ती चुलीकडे गेली, चूल विझलेली असताना.

परतताना

मला पोचवायला रंजना वरठीपर्यंत आली. फलाटावर गाडीची वाट बघत बसलो. माझ्या मांडीवर शिंगाड्यांची पिशवी होती, शिंगं टोचत होती.

"तुमी हारलो म्हटलं न, तवा एक घडी मले बरं वाटलं होतं," ती एकाएकी म्हणाली. "लेक हारली अन् आईले बरं वाटलं. कशी आई म्हनावं?"

"मलाही वाटलं असतं," मी म्हटलं. "आणि नंतर ओरडलं कोण? तो आवाज मी ऐकलाय."

"हव," ती म्हणाली. "तो तिले सांगा. पहिले बरं वाटलं, तेबी सांगाल त सांगा. ती हासन."

म्हणून हे लिहिते आहे. प्रणालीला सांगितलं. ती हसली नाही. मग म्हणाली, "काकू, कॅम्पातून चार दिवसांची सुट्टी मिळून राहिली आहे. आईले सांगू नका, मी जाते."

मी कुणाला काही सांगत नाही असं थोडंच आहे! मी त्याच मिनिटाला मोरेश्वरभाऊंना फोन लावला. त्यांनी समिती बोलावली. मंडई वर्षातून एकदाच, दोनदा भरवायची पद्धत नाही, असं कुणीतरी काढलं म्हणे. भाऊंनी त्यांना प्ले-ऑफ समजावून सांगितलं. झाली ती पहिली लेग. दोन्ही मिळून मंडई एकच.

काल त्यांचा फोन आला. आकाशपाळणेवाला यायला तयार आहे, मांडव घालून झालाय, लेकींना निरोप गेलेत, आणि रंजनाला अजून काही पत्ता नाही. तिला सांगितलंय, बैलांचा काहीतरी कार्यक्रम आहे, म्हणून कोचईची पानं मात्र भरपूर आणून ठेव.

"तुमी याच ताई," भाऊ म्हणाले. "तुमच्याबिगर दुसरी लेग होत नाही. फक्त एक गोष्ट आहे."

"काय?"

"नियम तुमी सांगू नका."